शेवट आधीच कळला तर सिनेमाची मजा जाते का?

तिसरी_घंटा

"सिनेमा चांगला असेल तर शेवट माहीत असून काही फरक पडत नाही" हे ऐकून ऐकून कान किटले म्हणून धागा काढतोय. माझं निरीक्षण असं की हे वाक्य बहुतेक वेळा तोच बोलतो ज्याने आत्ताच शेवट फोडलेला असतो, आणि वर "एवढ्याने मजा जात असेल तर तो सिनेमाच फालतू" हे शेपूट असतंच. म्हणजे घालवली यांनी आणि नाव सिनेमाचं.

गोष्ट माहीत असण्याचं मला वावडं नाही, आवडलेले सिनेमे मी परत परत बघतो आणि त्यात दरवेळी मजा येते. माझी तक्रार वेगळी आहे. पटकथा म्हणजे शेवटी काय, कुठली माहिती कुणाला कधी द्यायची याचा हिशेब. काही गोष्टी प्रेक्षकाला आधी कळतात आणि पात्राला नंतर, काही पात्राला माहीत असतात आणि आपल्यापासून लपवलेल्या असतात, काही दोघांवर एकदमच कोसळतात. हे सगळं कोणीतरी डोकं खाजवून बसवलेलं असतं, आणि मग ज्याचा त्या सिनेमाशी काडीचा संबंध नाही असा माणूस येतो आणि मधलंच एक काहीतरी उचकून तुमच्या हातात देतो. तेव्हा "माहीत आहे की नाही" यावर वाद घालण्यात अर्थ नाही, "कोणी सांगितलं आणि कधी" यावर घाला.

दिग्दर्शक हिचकॉकने त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाला मुलाखतीत दिलेलं बॉम्बचं उदाहरण बऱ्याच जणांना माहीत असेल. टेबलाखाली बॉम्ब आहे, दोघं बसून काहीतरी फुटकळ गप्पा मारताहेत, आपल्याला बॉम्बचा पत्ता नाही, धडाम. १५ सेकंदांचा धक्का. तेच आपल्याला आधी बॉम्ब दाखवला, किती वाजता फुटणार ते सांगितलं, भिंतीवर घड्याळ दाखवलं, की त्याच फुटकळ गप्पा १५ मिनिटं जीव टांगणीला लावतात. हे उदाहरण स्पॉयलरवाले (शेवट आधीच फोडणारे) आपल्या बाजूने वापरतात, बघा म्हणे आधी कळलं की जास्त मजा. अहो पण तिथे सांगतंय कोण? दिग्दर्शकच ना!

बोला. आणि इशारा: सायको, व्हर्टिगो, टर्मिनेटर २ वगैरे जुन्या सिनेमांचे रहस्यभेद प्रतिसादांत होणार. ज्यांना चालणार नाही त्यांनी इथूनच परत फिरावं.

गप्पूशेठ

पहिला! आता वाचतो.

शंकासुर

धाग्याच्या पहिल्या अर्ध्याशी सहमत, पण एक मुद्दा सुटतोय. "गोष्ट माहीत नसणं" ही मुळात अट कधीपासून झाली? आपल्याकडच्या नाट्यशास्त्राच्या परंपरेत उलटं आहे. धनंजयाच्या दशरूपकात कथावस्तूचे तीन प्रकार दिलेत, प्रख्यात, उत्पाद्य (कवीने स्वतः रचलेली) आणि मिश्र, आणि नाटक या मुख्य प्रकाराला प्रख्यात वस्तू हवी. म्हणजे गोष्ट लोकांना ठाऊक असलेलीच घ्या, रस त्यातूनच निघेल. शेक्सपिअर तर रोमिओ-ज्युलिएटच्या सुरुवातीलाच सांगून टाकतो की ही दोघं जीव देणार आहेत. प्रेक्षक उठून गेला का?

तिसरी_घंटा

@शंकासुर, पण पुन्हा तेच, शेक्सपिअर स्वतः सांगतोय. थिएटरच्या गेटवर शेवट फोडणारा माणूस नाही.

शंकासुर

थांबा, तुमच्याच बाजूचं देतो. शाकुंतल घ्या. महाभारतातल्या शकुंतलेच्या गोष्टीत शाप नाही आणि अंगठीही नाही, दोन्ही कालिदासाने घातलं. आता तो शाप कसा दिलाय बघा. चौथ्या अंकात दुर्वास येतात, शकुंतला आपल्याच विचारात, तिला शुद्ध नाही, ते चिडून शाप देऊन मोकळे. ऐकतं कोण, तर तिच्या दोन सख्या. प्रियंवदा धावत जाऊन उःशाप मिळवते, ओळखीचा दागिना दाखवला की शाप सरेल, आणि मग दोघी ठरवतात की हिला सांगायचं नाही, बिचारी आधीच हळवी. म्हणजे सख्यांना माहीत, आपल्याला माहीत, आणि जिला शाप मिळालाय तिलाच माहीत नाही. पुढे निरोपाच्या वेळी सख्या म्हणतात की राजाने ओळखायला वेळ लावला तर ही अंगठी दाखव हां, आणि ती दचकते, की हे असं का म्हणताय. तिथे आपल्या पोटात जो गोळा येतो तो शाप माहीत असल्यामुळेच येतो. हा तुमचा टेबलाखालचा बॉम्बच की. तो शाप कालिदासाने शेवटापर्यंत लपवून धक्कातंत्र म्हणून वापरला असता तर पाचव्या अंकातला दुष्यंत आपल्याला नुसता हलकट वाटला असता.

नेत्रा_

वा शंकासुर, हे आवडलं. +१

टायटॅनिक (१९९७) बद्दल लिहायला आले होते. सगळे म्हणतात जहाज बुडणार हे माहीतच होतं तरी लोकांनी बघितला. पण दिग्दर्शक कॅमेरॉनने त्याच्या पुढे जाऊन एक गोष्ट केली आहे जी पहिल्यांदा माझ्या लक्षातच आली नव्हती. सुरुवातीलाच तो शोधमोहिमेतला माणूस म्हाताऱ्या रोझला कॉम्प्युटरवर जहाज कसं बुडालं त्याचं अ‍ॅनिमेशन दाखवतो, पाणी पुढून भरलं, मागचा भाग वर उचलला गेला, मग मधून तुटलं, मग मागचा भाग उभा राहून खाली गेला. अगदी थंडपणे, जणू वर्गात आकृती काढून दाखवावी तसं. ती त्यावर म्हणते की प्रत्यक्षात अनुभव जरा वेगळा होता. मग दोनेक तासांनी ते सगळं माणसांसकट घडतं तेव्हा आपल्याला कोणी समजावत बसावं लागत नाही की आता काय चाललंय, जहाज वर उचललं जायला लागलं की आपल्याला माहीत असतं पुढे तुटणार आहे, त्यामुळे नजर फक्त माणसांवर राहते. आणि रोझ वाचणार हेही उघडच आहे कारण तीच गोष्ट सांगतेय. दिग्दर्शकाने स्वतःच सगळं फोडलं, फक्त जॅकचं काय होणार तेवढं मुठीत ठेवलं.

चष्मेबहाद्दर

भावना बाजूला ठेवून जरा संशोधन. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या लेव्हिट आणि क्रिस्टनफेल्ड यांनी यावर प्रयोग केला होता. १२ लघुकथा घेतल्या, काही कलाटणीच्या, काही रहस्यकथा, काही नुसत्या साहित्यिक, ख्रिस्ती, रोआल्ड डाल, चेखव वगैरे. काही वाचकांना आधी शेवट सांगितला, काहींना नाही. निकाल, शेवट माहीत असलेल्यांना कथा जास्त आवडल्या. रहस्यकथासुद्धा! कारण म्हणून एक शक्यता अशी मांडली की शेवट माहीत असला की वाचताना डोक्यावरचा भार कमी होतो आणि बाकीच्या गोष्टींकडे लक्ष जातं. तेव्हा धागाकर्त्यांनी जरा विचार करावा.

तिसरी_घंटा

केला विचार. त्याच विषयावर २०१५ मध्ये जॉन्सन आणि रोझेनबॉम यांचा अभ्यास आला, त्यात उलटं निघालं, ज्यांना शेवट सांगितला त्यांना मजा कमी आली. तुमचा एक, माझा एक.

पण आकड्यांपेक्षा मला प्रयोगाच्या रचनेतच गोम दिसते. त्या वाचकांच्या हातात कोणीतरी कथा ठेवली आणि वाच म्हटलं. त्यांनी ती निवडली नव्हती, त्यासाठी वाट बघितली नव्हती, पहिल्या भागात काय झालं यावर मित्रांशी भांडण केलेलं नव्हतं. मालिकेचा शेवटचा भाग यायचाय, आपण वर्षभर अंदाज बांधतोय, आणि कोणीतरी सकाळीच सगळं लिहून टाकतो, ही गोष्ट अनोळखी लघुकथेच्या आधी एक परिच्छेद वाचण्यासारखी आहे का? ज्याची वाट बघितलीच नाही ते हातचं गेलं तर कोणाला काय वाटणार.

चष्मेबहाद्दर

वाट बघण्याचा मुद्दा मान्य, प्रयोगात तो पकडता येत नाही.

पण अजून एक मजेशीर गोष्ट आहे जी दोन्ही बाजूंना अडचणीची आहे. रिचर्ड गेरिग नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये हे तपासलं होतं की निकाल पक्का ठाऊक असतानाही धाकधूक होते का. लोकांना असा मजकूर वाचायला दिला की जॉर्ज वॉशिंग्टन पहिला राष्ट्राध्यक्ष होतो की नाही अशी शंका यावी, आणि मग विचारलं, झाला होता हे खरं की खोटं. अमेरिकन वाचक, शाळेपासून पाठ असलेली गोष्ट, तरी तो मजकूर वाचल्यावर उत्तर द्यायला जास्त वेळ लागला. गोष्टीच्या आत शिरलं की बाहेरचं ज्ञान जरा दूर ठेवलं जातं म्हणे. त्यामुळेच आपण दहाव्यांदा सिनेमा बघतानाही "अरे मागे बघ मागे" म्हणून ओरडतो.

गप्पूशेठ

वाचून झालं. माझं सोपं आहे, निकाल माहीत असलेली मॅच मी बघत नाही, शेवट माहीत असलेला सिनेमाही बघत नाही. विषय संपला.

नेत्रा_

मॅचला दिग्दर्शक नसतो शेठ. शेवटचा बॉल कसा पडावा हे कोणी आधी लिहून ठेवलेलं नसतं (नसावं!).

उशीआड_एक_डोळा

इतके दिवस रोमात (नुसती वाचत, न लिहिता) होते, या धाग्याने लिहितं केलं.

मी आधी विकिपीडियावर अख्खी कथा वाचते आणि मग सिनेमा बघते. दरवेळी. आणि मला त्याबद्दल लोक असं बोलतात की जणू मी परीक्षेत कॉपी केली. तुम्हाला ज्या धाकधुकीत मजा येते ना ती मला नुसती त्रास देते, कोण मरणार कोण मरणार यातच माझं सगळं लक्ष अडकतं, मला ना अभिनय दिसत ना संवाद ऐकू येत, मी सारखी अजून किती वेळ राहिलाय ते बघत बसते. मरणार आहे हे एकदा कळलं की मी शांत होते, मग मला त्या माणसाचा चेहरा बघता येतो. आणि मी एकटीच नाहीये, सिनेमात कुत्रा मरतो का एवढंच सांगण्यासाठी सुरू झालेली एक वेबसाइट आहे, आता तिथे आणखी शंभर प्रकारच्या गोष्टींची नोंद असते. कोणीतरी वापरतंय म्हणूनच चालतेय ना.

तेव्हा रसभंग वगैरे शब्द वापरताना जरा जपून, माझा रस त्याशिवाय सुरूच होत नाही.

तिसरी_घंटा

@उशीआड_एक_डोळा, स्वागत, लिहीत राहा. आणि तुमच्याशी माझं भांडणच नाही. तुम्ही स्वतः जाऊन वाचता. कथा तुमच्यावर कोणी फेकत नाही. माझ्या मते प्रेक्षकाने स्वतः ठरवून आधी वाचणं पूर्ण वैध आहे. फक्त एक हिशेब लक्षात असावा, न माहीत असण्याकडून माहीत असण्याकडे कधीही जाता येतं, उलट येता येत नाही. पहिलं बघणं एकदाच मिळतं, दुसरं तिसरं हवं तेवढं. कुत्र्याचं विचारून जाणं मला एकदम पटतं, ते तर मीही करतो.

कळलाव्या

तुम्ही सगळे शेवटाबद्दल बोलताय. शेवट न सांगताही वाट लावता येते आणि ती जास्त लागते. "बघ, पण शेवटी एक जबरदस्त ट्विस्ट आहे, मी काही सांगणार नाही." झालं! संपला माणूस. आता तो सिनेमा बघत नाहीये, तो सिनेमावर पाळत ठेवतोय. प्रत्येक पात्राकडे संशयाने बघायचं, कॅमेरा जरा जास्त वेळ दारावर थांबला की दारात काहीतरी आहे, आणि विसाव्या मिनिटाला शेजाऱ्याला कोपराने ढोसून सांगायचं की मला कळलं. १९९९ चा तो लहान मुलाचा आणि डॉक्टरचा सिनेमा माझ्यासाठी असाच गेला. कोणी शेवट सांगितला नव्हता. ट्विस्ट आहे एवढंच सांगितलं होतं, मग मी सुरुवातीपासून एकच बघत बसलो की डॉक्टरशी कोण बोलतंय आणि कोण नाही.

गप्पूशेठ

आता तुम्ही पण सांगून टाकलंत की :)

कळलाव्या

मी काही सांगितलेलं नाही. तुम्ही बघितलाय म्हणून तुम्हाला कळलं.

शंकासुर

कळलाव्यांचा मुद्दा १०० टक्के बरोबर. "कृपया शेवट कोणाला सांगू नका" ही पाटीच मुळात जाहिरात असते. क्लूझोच्या ले दियाबोलिकमध्ये (१९५५) सिनेमा संपल्यावर तशी विनंतीच पडद्यावर येते. पण निदान संपल्यावर येते, सुरुवातीला नाही, हे महत्त्वाचं.

किडा_डोक्यातला

मित्रांना काय बोलता, निर्माते स्वतःच ट्रेलरमध्ये काय करतात ते बघा. टर्मिनेटर २ (१९९१). पहिल्या भागात श्वार्झनेगर खलनायक होता, सगळ्या जगाला माहीत. दुसऱ्या भागात भविष्यातून दोघं येतात, एक हा आणि दुसरा साधासा दिसणारा पोलिसाच्या वेशातला. दोघंही एका पोराला शोधताहेत. सिनेमा मुद्दाम सांगत नाही कोण कशासाठी आलाय. मग मॉलच्या मागच्या त्या अरुंद बोळात पोरगा मधे, एका बाजूने श्वार्झनेगर गुलाबांचा खोका घेऊन येतोय, खोक्यातून बंदूक निघते, फुलं पायाखाली, तो नेम धरतो, आणि म्हणतो खाली वाक. गोळी पोराच्या मागच्या पोलिसाला. काय सीन लिहिलाय! आणि जाहिरातींनी आधीच सांगून ठेवलेलं की या वेळी हा चांगला आहे. म्हणजे तोवरची सगळी मेहनत पाण्यात. आज तो सिनेमा बघणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना तो सीन जसा लिहिला तसा मिळतो.

धागाकर्त्यांच्या थिअरीत हे कुठे बसवायचं? इथे तर घरच्यांनीच फोडलं.

तिसरी_घंटा

चांगला पेच टाकलात. माझ्या मते सिनेमा आणि त्याची विक्री हे दोन वेगळे धंदे आहेत आणि विकणाऱ्याला पटकथेतल्या हिशेबाशी फारसं देणंघेणं नसतं, त्याला पहिल्या आठवड्यात खुर्च्या भरायच्या असतात. ट्रेलर कापणारा माणूस बहुतेक वेळा दिग्दर्शक नसतो.

दिग्दर्शकाने स्वतः ट्रेलर हातात घेतला की काय होतं ते सायकोत (१९६०) दिसतं. सहा मिनिटांच्या वर आहे तो. हिचकॉक स्वतः मोटेल आणि ते घर फिरवून दाखवतो, एखादा गाइड दाखवेल तसा, खुशालचेंडूसारखा. इथे जिन्यावर असं झालं, या खोलीत तसं. मग बाथरूममध्ये नेतो, आता सगळं स्वच्छ केलंय म्हणतो, आणि शेवटी शॉवरचा पडदा सर्रकन ओढतो, आत बाई किंचाळते. अरेच्चा, हा तर सगळं सांगतोय की! पण किंचाळणारी नायिका जॅनेट ली नाहीच, सिनेमातली दुसरी नटी व्हेरा माइल्स आहे, विग घालून. म्हणजे खून कुठे होणार ते सांगितलं, कोणाचं आणि कधी ते खिशात ठेवलं. त्यामुळे नायिका म्हणून पोस्टरवर असलेली बाई निम्म्या सिनेमाच्या आतच जाते तेव्हा पायाखालची जमीन सरकते ती सरकतेच. शिवाय सिनेमा सुरू झाल्यावर थिएटरमध्ये कोणालाही आत सोडायचं नाही हा नियम. उशिरा येणारा जॅनेट ली कधी येणार याची वाट बघत बसला असता. समीक्षकांनाही आधी दाखवला नाही, बघा म्हणे सगळ्यांबरोबर.

चष्मेबहाद्दर

आणि त्याच हिचकॉकने दोनच वर्षं आधी व्हर्टिगोमध्ये (१९५८) बरोबर उलटं केलंय. मूळ फ्रेंच कादंबरीत मुख्य रहस्य शेवटी उलगडतं. सिनेमात शेवटाच्या बरंच आधी, जुडी हॉटेलच्या खोलीत एकटी असताना, तिला टॉवरवर काय झालं ते आठवतं आणि आपल्याला सगळं कळतं, ती आणि नायक जिला मेलेली समजतो ती मॅडेलिन एकच, ती पत्र लिहायला घेते आणि फाडून टाकते. नायक स्कॉटीला यातलं काही माहीत नाही. तिथून पुढे तो तिला कपडे बदलायला लावतो, केस रंगवायला लावतो, आणि ते बघवत नाही, कारण तिला काय वाटत असेल ते आपल्याला माहीत आहे. ते पत्र नसतं तर तोच भाग एका विक्षिप्त माणसाचा हट्ट म्हणून बघितला असता आणि शेवटी "ओह" म्हणून उठलो असतो.

शंकासुर

जुडीचं पत्र आणि दुर्वासांचा शाप एकाच जातीचे. कोणीतरी यावर वेगळा धागा काढा.

नेत्रा_

दुसऱ्यांदा बघण्यावर कोणी फार लिहिलं नाही. माझा अनुभव असा की काही सिनेमे दुसऱ्या वेळी वाढतात आणि काही कोसळतात, आणि कोसळणाऱ्यांचं कारण स्पॉयलर नसून फसवणूक असतं. पात्र खोलीत एकटं आहे, कोणी बघत नाहीये, तरीही ते असं वागतं की जणू त्याला खुनाबद्दल काही माहीत नाही, आणि शेवटी कळतं की खुनी तेच. मग एकटं असताना नाटक कोणासाठी चाललं होतं? आपल्यासाठी! हे दुसऱ्यांदा बघताना इतकं खुपतं. याउलट दृश्यम. शेवटच्या काही मिनिटांत जे कळतं (सांगत नाही) ते डोक्यात ठेवून परत बघा, नायक कुठे कुठे जातो आणि त्याच्या चेहऱ्यावर काय असतं, सगळं जुळतं. २ ऑक्टोबरवरून एवढे विनोद झाले तरी तो सिनेमा टिकतो तो यामुळेच.

किडा_डोक्यातला

मग परीक्षण लिहिणाऱ्याने किती सांगावं? मी पहिल्या पाव भागातलं काहीही सांगतो, पुढचं नाही.

कळलाव्या

पाव भागाचा नियम टर्मिनेटर २ ला लावला तर तुमचा तो गुलाबांचा खोका त्याच्या आसपासच येतो हो.

किडा_डोक्यातला

मग नियम असा करतो, सिनेमा स्वतः जे लपवत नाही तेवढंच सांगायचं. टायटॅनिकमध्ये जहाज बुडतं हे सांगा, दृश्यममध्ये कोण मरतो तेही सांगा हवं तर, तो काही लपवत नाही.

उशीआड_एक_डोळा

आणि कुत्र्याचं सांगा. ते सगळ्या नियमांच्या वर.

गप्पूशेठ

मला व्हर्टिगो बघायचा होता :(

तिसरी_घंटा

वर ठळक अक्षरात इशारा दिला होता, त्यात नावही होतं.

गप्पूशेठ

मी पहिला नंबर लावायच्या घाईत होतो, इशारा कोण वाचतो.

चष्मेबहाद्दर

शेठ, बघाच तरीही. तुमचं शेवटाचं काही गेलेलं नाही, शेवट कोणीही सांगितलेला नाही. गेलंय ते पत्राच्या आधीचं, तिथपर्यंत तुम्हाला कोडं पडायला हवं होतं ते पडणार नाही. पण पत्रानंतरचा सगळा भाग तुम्हाला इतरांसारखाच मिळेल. बघून झालं की इथे येऊन लिहा की पहिला भाग कंटाळवाणा झाला का. माझा अंदाज आहे होईल.

गप्पूशेठ

रविवारी बघतो. तोपर्यंत कोणी शेवटाबद्दल लिहू नका, मी रोज येऊन धागा वाचणार आहे.